पहिल्यांदाच अ‍ॅक्युपंक्चर घेताय? टोचलेल्या सुया मोजा, काढलेल्याही मोजा

शेवंती | सोमवार, रात्री ९.४०

गेल्या महिनाभरात तिघींनी व्यनि (खासगी निरोप) करून एकच विचारलं, "तू अ‍ॅक्युपंक्चर केलंस ना, दुखतं का गं? जाऊ का?" तिघींना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घाला.

मला अर्धशिशी कॉलेजात असल्यापासून. महिन्यातले पाच-सहा दिवस पडदे ओढून पडून राहण्यात जायचे. न्यूरॉलॉजिस्टची औषधं चालू होती, आजही आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "करून बघायचं तर बघा, फक्त माझ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका." मग मी दोन ठिकाणी घेतलं. पहिल्या ठिकाणी तीन सिटिंग, दुसऱ्या ठिकाणी दहा.

आधी पहिल्या ठिकाणचं सांगते, कारण धाग्याचं नाव तिथूनच आलं. एका हॉलमध्ये सहा पलंग, मध्ये पडदे. चौकशी पाच मिनिटांत आटोपली. तिसरं सिटिंग झालं, हेल्मेट घातलं, स्कूटरवरून घरी आले, स्वयंपाक केला. रात्री वेणी घालायला केस मोकळे केले तर कंगव्याचा दात कशाला तरी अडकला. माथ्यावर, जरा डावीकडे. चाचपून बघितलं तर सुईची बारीक तारेची मूठ बोटाला लागली. पाच तास ती सुई माझ्या डोक्याच्या कातडीत आडवी बसलेली होती आणि मला काही कळलं नव्हतं. नवऱ्याने हात धुऊन, टॉर्च लावून काढली. एक थेंबसुद्धा रक्त आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तर उत्तर मिळालं, "काढलीत ना, मग झालं." मी पुन्हा तिथे पाय ठेवला नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी पहिल्या दिवशी पाऊण तास नुसतं विचारलं. डोकं कुठून दुखायला लागतं, उलटी होते का, पाळी कधी, झोप कशी, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करणारं काही आहे का, पेसमेकर आहे का, दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे का, सकाळपासून काय खाल्लंय. जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली. मग माझ्यासमोर पाकीट फाडलं आणि एकेक सुई लावताना मोठ्याने मोजली. कार्डावर तारखेपुढे १३ लिहिलं. वीस मिनिटांनी काढतानाही मोजल्या, किडनी ट्रेमध्ये प्रत्येकीचा टिण् असा आवाज. तेरा झाल्यावरच म्हणाल्या, "उठा आता." त्या आवाजाने मला किती हायसं वाटलं हे कसं सांगू!

आता दुखण्याचं. इंजेक्शनची सुई डोळ्यासमोर आणू नका. ही सुई पोकळ नसते, भरीव असते आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची. प्लास्टिकची नळी कातडीवर टेकवतात आणि वरून टिचकी मारतात, त्यात ती टिचकीच जास्त कळते. सुई जरा आत सरकली की वेगळंच काहीतरी जाणवतं. माझ्या अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जागेत पहिल्यांदा सुई गेली तेव्हा भरलेली कळशी बराच वेळ धरून उभं राहिल्यासारखा हात जड झाला. आत बोथट ओढ लागली आणि ती मनगटापर्यंत पसरली. चिनी लोक याला 'द छी' म्हणतात आणि तेच हवं असतं. पण चटका बसला, चिरल्यासारखं झालं किंवा विजेसारखी कळ गेली तर गप्प बसू नका, लगेच सांगा. सुई थोडी मागे घेतात किंवा जागा बदलतात. पहिल्या ठिकाणी मी दोन वेळा भिडेखातर सोसलं होतं. आपण तिथे दात आवळून पडून राहायला जात नाही.

फरक पडला का? मी वही ठेवली होती. दहा सिटिंगनंतरच्या तीन महिन्यांत डोकेदुखीचे दिवस महिन्याला दोन-तीनवर आले. दुखणं गेलेलं नाही. गोळी पर्समध्ये असतेच.

---

मेधा_क | सोमवार, रात्री १०.१५

शेवंतीताई, अंगावर काटा आला. चांगला धागा. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ही विद्या चीनमधून भारतात आणली ना? मग इतकी वर्षं होऊनही लोकांना नीट माहिती का नसावी?

---

सिद्धेश्वर_पेठ | सोमवार, रात्री १०.५०

मेधाताई, सोलापूरकर म्हणून हे नेहमी सांगावं लागतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८ साली काँग्रेसने भारतातून चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. आघाडीवर जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. वय अवघं ३२. ते परत आलेच नाहीत, त्यामुळे त्यांनी काही आणणं शक्यच नव्हतं.

आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. ते १९४३ मध्ये परतले, पुढे १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले तेव्हा अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात उपचार सुरू केले. पंजाबात आणि बंगालमध्ये या उपचाराबरोबर कोटणीसांचं नाव जोडलं गेलं ते त्यांच्या स्मरणार्थ. आमच्या सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक आहे, कधी आलात तर जरूर बघा.

विषयांतर झालं, पण ज्या माणसाने जीव दिला त्याच्याबद्दल तरी नेमकं बोलावं असं वाटतं.

---

अमोघ७८ | मंगळवार, सकाळी ७.३०

मी वेगळी बाजू मांडतो. कोणाचा अनुभव खोटा ठरवायचा नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या मामांचा उजवा पाय दुखायचा. 'सायटिका आहे' असं एका ठिकाणी सांगितलं आणि अठरा सिटिंग झाली. एमआरआय नाही, साधा एक्स-रे नाही. दहाव्या-बाराव्या सिटिंगच्या सुमारास चालताना त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मामीने उपचार करणाऱ्याला सांगितलं, उत्तर आलं की "नस मोकळी होतेय, होतं असं." मग एक दिवस लघवी अडली. तेव्हा धावपळ करून दवाखान्यात नेलं, त्याच रात्री मणक्याची शस्त्रक्रिया झाली. आज मामा चालतात, पण त्या पायाचं पाऊल पूर्ण उचलत नाही. त्यांना आजही पट्ट्याची चप्पलच लागते.

सुईने नुकसान केलं नाही. वेळ गेली, तिने केलं. सुया मोजा हे ठीकच आहे, पण त्याआधी आपल्याला नेमकं काय झालंय हे डॉक्टरकडून कळलेलं असू द्या.

---

शेवंती | मंगळवार, सकाळी ८.०५

अमोघ, वाचून पोटात तुटलं. मूळ लेखात हे लिहायचं माझ्या हातून राहिलं. माझं निदान आधी झालेलं होतं म्हणून मला त्याचं महत्त्व जाणवलं नसावं. तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी वाचावा.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी २.२०

मी भूलतज्ज्ञ आहे, आमच्या रुग्णालयाचं पेन क्लिनिकही बघतो. अमोघ यांनी सांगितलेली लक्षणं पाठ करून ठेवा. पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांडीच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. तसंच आयुष्यात कधी झाली नव्हती अशी एकदम उठलेली भयंकर डोकेदुखी, दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना घटलेलं वजन, छातीतली कळ. अशा वेळी सुया नकोत.

आता उपयोग होतो का, याबद्दल. रुग्ण विचारतात तेव्हा मी जे सांगतो तेच लिहितो.

अर्धशिशीसाठी पुरावा बरा आहे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्र अभ्यासात, २२ चाचण्या होत्या, सुमारे पाच हजार रुग्ण. अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्या १०० जणांपैकी ४१ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, ते न घेतलेल्यांत १७ जणांची. पण चुकीच्या जागी किंवा नुसती वरवर टोचलेली, म्हणजे 'खोटी' सुई घेतलेल्यांशी तुलना केली तेव्हा आकडे होते ५० आणि ४१. म्हणजे फरक आहे, पण लहान.

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना फरक, खोट्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी, म्हणजे गोळ्या, व्यायाम वगैरेंनी, २७.४ टक्के. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. सुया घेतलेले लोक जास्त बरे झाले, पण सुई नेमक्या बिंदूवर लागली की नाही याने फारसं बिघडलं नाही. स्पर्श, निवांत पडणं, कोणीतरी पाऊण तास आपलं ऐकून घेणं, अपेक्षा, शरीराची स्वतःची वेदनाशामक यंत्रणा, यातल्या कशाचा वाटा किती यावर अजून वाद चालू आहेत.

गुडघ्याच्या संधिवाताबाबत तर मोठ्या संस्थांचंच एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सशर्त शिफारस केली, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये 'देऊ नका' म्हटलं. तेच नाइस जुनाट, ठोस कारण न सापडणाऱ्या दुखण्यात अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करा म्हणतं. म्हणून मी रुग्णाला सांगतो, निदान झालंय, धोका कळलाय, खिशाला झेपतंय, तर सहा-आठ सिटिंग करून बघा. तोवर काहीच फरक नसेल तर थांबा.

मधुमेह, कर्करोग, थायरॉइड, फिट्स 'मुळापासून बऱ्या' करून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. इन्सुलिन बंद करा म्हणालं तर नुसतं उठू नका, धावत बाहेर या.

---

निर्गुडी | मंगळवार, रात्री ९.००

मी नाशिकला गेली बारा वर्षं अ‍ॅक्युपंक्चर करते. शेवंतीताईंच्या डोक्यात सुई राहिली हे वाचून व्यवसायातली म्हणून मान खाली गेली. केसांत, कानामागे, घोट्यामागे आणि चादर पांघरलेली असेल तिथे सुई विसरण्याचा धोका सगळ्यांत जास्त. पेशंटने मोजलं तर मला कधीच अपमान वाटत नाही.

कोणाकडे जायचं ते आधी. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे आणि त्याखाली राज्याचं कौन्सिल नोंदणी करतं. नोंदणीचा कागद भिंतीवर असतो, नसला तर दाखवा म्हणायचं. यात संकोच कसला? केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या उपचारपद्धतीला मान्यता दिली. पण अ‍ॅक्युप्रेशरच्या दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र वेगळं, हे लक्षात ठेवा. फिजिओथेरपिस्ट स्नायूंच्या गाठींत सुई घालतात ते ड्राय निडलिंग. सुई तीच, विचार वेगळा.

सुई एकदाच वापरायची. 'तुमच्या नावाच्या सुया डबीत ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू' असं अजूनही काही ठिकाणी ऐकू येतं, ते चालवून घेऊ नका. पाकीट बंद आहे का, मुदतीची तारीख काय आहे, ते बघा. वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. कचऱ्याच्या बादलीत गेलेली दिसली तर बाकीची स्वच्छताही तशीच असणार.

रिकाम्या पोटी येऊ नका. चक्कर येणारे माझे बहुतेक पेशंट संकष्टीच्या नाहीतर नवरात्रातल्या उपासाच्या दिवशी आलेले असतात. उपास असेल तर काही फराळ करून तासाभराने या किंवा दिवस बदलून घ्या, मी आनंदाने बदलून देते. पहिलं सिटिंग नेहमी आडवं झोपवून करते, बसवून नाही. घाम फुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच हाक मारायची. सुया काढल्या आणि पाय जरा वर ठेवले की बरं वाटतं.

कपडे सैल. सलवार गुडघ्यापर्यंत सहज वर जाईल अशी. जीभ बघणार असतील तर त्या दिवशी ती घासू नका आणि येण्याआधी पान, हळदीचं दूध, चघळायची रंगीत गोळी नको. पाठीवर किंवा पोटावर सुया लावायच्या असतील तर बाईमाणसाला सोबत आत थांबू द्या म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हे मात्र सांगितल्याशिवाय पलंगावर चढू नका. दिवस गेलेत किंवा जाण्याची शक्यता आहे, कारण अंगठ्याजवळचा एलआय ४ आणि घोट्याच्या वरचा एसपी ६ असे काही बिंदू आम्ही गरोदरपणी टाळतो. पेसमेकर आहे, तर सुयांना वीज जोडायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी आहे, फिट्स येतात, मधुमेहाने पाय बधिर झालेत, कॅन्सरची औषधं चालू आहेत, हेही.

थोडं काळं-निळं पडणं, एखादा थेंब रक्त, त्या दिवशी खूप झोप येणं, हे नेहमीचं. म्हणून पहिल्या दिवशी गाडी स्वतः चालवत येऊ नका. कपिंगचे, म्हणजे कातडी ओढून धरणारे कप लावतात त्याचे, गोल वळ आठवडाभर राहतात, लग्नकार्य असेल तर आधी सांगा. मोक्सा म्हणजे दवण्याच्याच कुळातली वनस्पती वाळवून तिचा शेक देतात. धूर होतो, दम्याच्या पेशंटने आधी बोलावं. बधिर पायावर मोक्सा मी देतच नाही, भाजलेलं त्यांना कळत नाही.

आणि एक दुर्मीळ पण खरा धोका. छातीवर, खांद्याच्या वरच्या भागात, पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. तिथे सुई तिरकी आणि उथळच हवी. सिटिंगनंतर काही तासांनी जरी दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, तरी थेट रुग्णालयात जा आणि 'इथे सुई लावली होती' असं बोट ठेवून सांगा. एक्स-रेमध्ये सहसा कळतं.

---

मुक्ता_एडिसन | बुधवार, पहाटे ५.४५

न्यू जर्सीहून. इकडे ज्यांच्या आईबाबांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, आहे त्यांच्यासाठी एक माहिती. जानेवारी २०२० पासून मेडिकेअर जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतं. ९० दिवसांत १२ सिटिंग, फरक दिसला तर आणखी ८, वर्षाला २० च्या वर नाही. दुखणं १२ आठवडे किंवा त्याहून जुनं हवं. मान किंवा गुडघ्यासाठी मिळत नाही. माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं बिल आम्हालाच भरावं लागलं, म्हणून आधी विचारा.

---

शेवंती | बुधवार, सकाळी १०.३०

मुक्ता, 'फरक दिसला तरच आणखी' हा नियम मला फार आवडला. माझं पण हेच म्हणणं, वीस सिटिंगचं पॅकेज आधी भरू नका. पहिल्या ठिकाणी मी दहाचे पैसे भरून बसले होते, सात सिटिंगचे बुडाले. दुसऱ्या बाईंनी एकेकाचे घेतले आणि पाचव्यानंतर माझी वही मागून बघितली.

वही कशी ठेवायची असं काल एकीने विचारलं. रोज रात्री एकच ओळ. दुखणं दहापैकी किती, गोळी किती घेतली, झोप किती. सुरुवात पहिल्या सिटिंगच्या दोन आठवडे आधीपासून, नाहीतर तुलना कशाशी करणार? मला तिसऱ्या सिटिंगनंतर 'खूपच बरं वाटतंय' असं वाटत होतं, वहीत काहीच फरक नव्हता. खरा फरक सहाव्यानंतर दिसायला लागला.

---

पिंपळपान | बुधवार, दुपारी १२.१०

सगळा धागा एका दमात वाचला. माझी आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. साखर आहे, हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी आहे. उद्या तिची पहिली वेळ ठरवली आहे. आई सुईला फार घाबरते, पण शस्त्रक्रियेला त्याहून घाबरते. नेऊ का?

---

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १.३५

आज तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. रक्त पातळ करणारी ती गोळी वॉर्फरिन असेल तर अलीकडचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) किती आहे ते विचारा. गोळी कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका, सुयांसाठी तर नाहीच. गुडघ्यांचे उभं राहून काढलेले एक-दोन वर्षांतले एक्स-रे आहेत का? असतील तर सोबत न्या. तळपायांना स्पर्श नीट कळतो का, कुठे जखम आहे का, तेही आजच बघा.

---

निर्गुडी | बुधवार, दुपारी ३.००

डॉक्टर म्हणाले ते सगळं करा. हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर मग सुया कमी लावायला सांगा, पातळ आणि उथळ. प्रत्येक सुई काढल्यावर कापूस मिनिटभर दाबून धरायला सांगा. शेक नको. घाबरत असेल तर पहिली सुई हाताला लावतात, पेशंटला दिसते तिथे. आईचा हात धरून बसा. आणि जेवण, गोळ्या वेळेवर, नाहीतर साखर खाली जाईल.

---

पिंपळपान | गुरुवार, रात्री ८.२५

डॉक्टर हो म्हणाले, आयएनआर ठीक होता, म्हणून गेलो. भिंतीवर नोंदणीचा कागद होता, पाकीट आमच्यासमोर फाडलं. पहिली सुई हाताला लावली तेव्हा आईने डोळे घट्ट मिटले होते, मग हळूच उघडले आणि म्हणाली, "झाली?" पुढच्या सुया ती स्वतःच बघत होती.

मी मोजत होतो. बारा झाल्या. त्यांनी गुडघ्यांवर पातळ चादर टाकली, दिवा मंद केला. आई चक्क घोरली.

काढताना ट्रेमध्ये अकराच आल्या. मी म्हटलं, "बारा होत्या ना?" बाई क्षणभर थांबल्या, चादर पूर्ण बाजूला केली. बारावी डाव्या पायाच्या घोट्यामागे होती. त्यांनी काढली, कापूस दाबून धरला, माझ्याकडे बघून "थँक्यू" म्हणाल्या आणि आईच्या कार्डावर १२ लिहून त्याखाली रेघ ओढली.

गुडघ्यांत अजून काही फरक नाही. आजपासून वही सुरू केली. दोन आठवडे आधीची नोंद राहून गेली, ते शेवंतीताई, आता तुम्हीच सांगा काय करायचं. पुढची वेळ सोमवारी आहे.